दाब... धर... सोड!

आमच्या घरात एक वाक्य आहे, जे बाहेरच्या माणसाला कळत नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं, पासबुकाचा हिशेब जुळेना, किंवा घरभर शोधलेली किल्ली अखेर आपल्याच खिशात सापडली, की कोणीतरी हळूच म्हणतं, 'गाली पैकी पोतदी.' पाहुणे चमकून बघतात. मराठी पाहुण्याला त्यात हिंदीतली शिवी ऐकू येते, आणि 'पैकी' म्हणजे नेमकं कशापैकी, हे उमगत नाही. तेलुगू पाहुण्याला शब्द कळतात, 'हवा वर जाते', पण खारट भाजीशी हवेचा काय संबंध, हे त्यालाही कळत नाही. या वाक्याचा जन्म 1997 सालच्या नवरात्रात, मंचेरियलला, आमच्या अंगणात उभ्या असलेल्या एका मारुतीच्या पुढच्या चाकाशी झाला. ती हकिगत आज सांगावी म्हणतो. गोष्ट मोटारीच्या ब्रेकची आहे, आणि थोडी माझीही.

मंचेरियल तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात आणि आंध्र प्रदेशात होतं. 2014 साली तेलंगणा राज्य झालं, 2016 साली मंचेरियल स्वतःच जिल्ह्याचं ठिकाण झालं. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरचं, गोदावरीच्या काठचं, सिमेंट आणि कोळशाच्या धुळीत वाढलेलं हे गाव. एका अंगाला श्रीरामपूर, मंदामर्री, बेल्लमपल्ली अशा सिंगरेणीच्या खाणी, नदीपलीकडे रामगुंडमचं वीजकेंद्र. घरात मराठी, दारात तेलुगू आणि बाजारात दखनी, अशी आमची त्रिभाषा योजना सरकारच्या आधीपासून चालू होती. तीत सर्वांत तरबेज होता आमचा मुलगा. तेव्हा दहा वर्षांचा. तो मराठीत जेवायचा आणि तेलुगूत खेळायचा. माझं तेलुगू मात्र भाजीबाजारापुरतं.

त्या वर्षी आम्ही सहा वर्षं वापरलेली मारुती आठशे घेतली. यंदा दिवाळीला चंद्रपूरला आपल्या गाडीने जायचं, रेल्वेच्या डब्यात फराळाचे डबे सांभाळत नाही, असं सौभाग्यवतींना मी कबूल केलं होतं. भाऊबीज त्यांच्या माहेरी व्हायची. गाडी चांगली होती, पण ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून चीं चीं असा आवाज यायचा. गॅरेजवाल्याने पॅड झिजलेत म्हणून सांगितलं, आणि मजुरीसकट जो आकडा सांगितला तो ऐकून मी मनाशी म्हटलं, एवढं काय आहे त्यात? स्कूटर मी घरीच उघडत असे. तिचे ब्रेक, क्लच, कार्बोरेटर सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. मोटार म्हणजे चार चाकांची स्कूटरच, अशी त्या वेळी माझी समजूत होती.

आमच्या शेजारी सिंगरेणीतून निवृत्त झालेले एक फिटर राहत. सगळा मोहल्ला त्यांना फिटर अन्ना म्हणे. खाणीत उतारावरून कोळशाचे टब दोराने ओढून वर आणणारं जे यंत्र असतं, ज्याला ते हॉलेज म्हणत, त्यावर त्यांची हयात गेली होती. मी गाडी जॅकवर चढवताना त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, "मैं आऊं क्या, सारू?" मी म्हणालो, "नको अन्ना, छोटं काम आहे." खरं सांगायचं तर छोटं काम आहे म्हणून मी नको म्हटलं नव्हतं. मी ऑफिसात खुर्चीवर बसणारा, पुस्तकं वाचणारा. माझ्या गाडीत काय करायचं ते सातवी शिकलेल्या माणसाने मला सांगावं, हे आतून नको होतं. त्या वेळी हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

ओसरीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली आणि कामाला लागलो. ज्यांनी चाकाच्या आत कधी डोकावून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या गाडीच्या पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात आणि त्यांना चिमट्यासारखं धरून ठेवणारा एक लोखंडी तुकडा, तो कॅलिपर. त्याच्या पोटात एक दट्ट्या. आपण पायाने पेडल दाबलं की नळीतलं ब्रेक ऑइल त्या दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या पॅडला, आणि पॅड चकतीला आवळतात. मागच्या चाकांना चकतीऐवजी ड्रम असतो आणि त्यात आतून बाहेर फाकणारे लायनर. सगळी करामत त्या तेलाची. द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा शाळेत पाठ केलेला पास्कलचा नियम. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून तो दाब पोहोचवतो. हवा मात्र दाबली की आक्रसते. नळीत हवेचे बुडबुडे शिरले, की पायाचा सगळा जोर ते बुडबुडे पिळण्यातच खर्ची पडतो आणि चाकापर्यंत फारसं काही पोहोचत नाही.

मी नुसते पॅड बदलून थांबलो असतो तर ही हकिगत झाली नसती. तेलाच्या नळीला हात लावायचंच कारण नव्हतं. पण एका बाजूचा दट्ट्या जरा अडकत होता. म्हटलं, आता उघडलंच आहे तर दोन्ही कॅलिपर काढून आतली रबरं नवी घालू. दोन्ही बाजू एकदमच उघडल्या, दोन्ही कॅलिपर काढून वर्तमानपत्रावर ठेवले, पुसले, नवी रबरं घातली. मुलगा हौसेने इकडची वस्तू तिकडे, तिकडची इकडे देत होता. एक शहाणपण मात्र मी केलं होतं. रबराला रॉकेल किंवा पेट्रोल लागू दिलं नाही, कारण त्याने हे रबर फुगतं. नव्या ब्रेक ऑइलनेच सगळं धुतलं. या शहाणपणाचा मला इतका अभिमान वाटला की दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्षच गेलं नाही.

बसवताना रबरी नळीला थोडा पीळ पडतोय असं वाटलं. काढताना ती सरळ होती. 'बसेल आपोआप,' म्हणून मी बोल्ट आवळले. पुढच्या सगळ्या रामायणाचा पुरावा त्या क्षणी माझ्या हातात होता आणि मी तो पान्याने घट्ट आवळून टाकला.

आता राहिलं हवा काढण्याचं काम. याला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी बसतो. कॅलिपरवर एक छोटं निपल असतं. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. आतल्याने पेडल दाबून धरायचं, बाहेरच्याने निपल सैल करायचं, की तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. मग निपल आवळायचं आणि त्यानंतरच आतल्याने पाय सोडायचा. क्रम चुकला, निपल उघडं असताना पाय सुटला, की पेडल वर येताना हवा उलटी आत ओढली जाते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी घ्यायचं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि सिलिंडर त्याच्या पायांपुढेच असतो, म्हणून सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून. आणि वरच्या डबीतलं तेल संपू द्यायचं नाही, नाहीतर तिथूनच हवा आत जाते.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. मुलाला चालकाच्या जागेवर बसवलं. पाय पुरत नव्हता म्हणून तो आसनाच्या कडेला सरकून, चाकाला लोंबकळून पेडल दाबायचा. मी चाकाशी बसून ओरडायचो, "दाब! धर! ... सोड!" चारही चाकं झाली. पेडल दाबून पाहिलं, तर पाव भिजवलेल्या दुधात बोट घालावं तसं मऊ. पुन्हा चारही चाकं. पुन्हा मऊ. तिसऱ्यांदा करेपर्यंत दुपार टळली. मुलाच्या पायात गोळे आले होते. आणि मी ओरडलो, "तू लवकर सोडतोस! मी सांगायच्या आधी सोडतोस म्हणून हवा जाते आत!"

"नाही बाबा, मी धरतो."

"मग हवा येते कुठून? लक्ष कुठे असतं तुझं?"

तो काही बोलला नाही. पुढच्या वेळी त्याने इतक्या जोरात धरलं की मी 'सोड' म्हटल्यावरही त्याचा पाय सुटेना. तरीही पेडल मऊच. तेव्हा मी आणखी एकदा ओरडलो. काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. तो गाडीतून उतरला आणि सरळ आत गेला.

मग मी एकेकावर संशय घ्यायला सुरुवात केली. तेल जुनं असेल म्हणून नवी बाटली आणली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, म्हणून उघडी पडलेली बाटली वापरायची नसते, हे खरंच आहे. साधारण डॉट तीन प्रतीचं नवं तेल 205 अंशांच्या आत उकळत नाही, पण पाणी प्यायलेलं तेल 140 अंशांना उकळू शकतं. उतारावर ब्रेक तापले की त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच आक्रसते. पण आमची गाडी अंगणात थंडगार उभी होती. ओतताना थोडं तेल पुढच्या पत्र्यावर सांडलं ते वेगळंच. ब्रेक ऑइल रंग खातं. मी पुसेपर्यंत तळहाताएवढा रंग फुगून आला. त्यानंतर मास्टर सिलिंडरची रबरं बाद असतील असं वाटलं. मग मागचे लायनर ड्रमपासून लांब राहिले असतील. मग दुकानदाराने बनावट माल दिला असेल. संध्याकाळपर्यंत माझ्या यादीत सगळं जग होतं. फक्त सकाळी जिथे माझे स्वतःचे हात लागले होते, ती जागा त्या यादीत नव्हती.

त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे तेलंगणात सद्दुल बतुकम्मा. ज्यांनी हा सण पाहिला नसेल त्यांना सांगायला हवं. नऊ दिवस बायका परातीत फुलांचा मनोरा रचतात. तंगेडु म्हणजे आपला पिवळा तरवड, गुनुगु म्हणजे कुरडूची तुऱ्यांची फुलं, आणि झेंडू. संध्याकाळी मनोरे मध्ये ठेवून त्यांच्याभोवती टाळ्या वाजवत, गाणी म्हणत फेर धरतात आणि शेवटच्या दिवशी ते नदीत किंवा तळ्यात सोडतात. आपल्याकडच्या भुलाबाईची आणि हादग्याची ही सख्खी बहीण. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गाडी आणि पाने-पकडी पुजायच्या, म्हणून काम आजच पुरं व्हायला हवं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

मी एक गोष्ट शोधून काढली होती. पेडल भराभर तीनदा दाबलं की थोडं वर यायचं आणि ब्रेक लागायचा. 'नवे पॅड आहेत, चालवून बसतील,' असं मीच मला सांगितलं. यात अर्धं सत्य होतं. नवे पॅड चकतीशी नीट जुळायला काही अंतर चालवावं लागतं. दट्ट्या मागे ढकललेला असतो म्हणून गाडी हलवण्याआधी दोन-चारदा पेडल मारून घ्यावं लागतं. पण त्यानंतर पेडल टणक व्हायला हवं, आणि माझं टणक नव्हतं. अर्ध्या सत्याला आपण सोयीचं तेवढं ऐकतो. मी गाडी काढली. मुलाचा रुसवा काढावा म्हणून त्यालाही शेजारी बसवलं.

गल्ली ओलांडून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागलो. वेग असेल ताशी वीस किलोमीटर. वळण घेतलं आणि समोर रस्ताभर बतुकम्मा. बायका-मुली डोक्यावर फुलांच्या पराती घेऊन नदीकडे निघालेल्या, सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. मी ब्रेक दाबला. पेडल फळीला जाऊन टेकलं. पुन्हा दाबला. पुन्हा. ताशी वीस म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. तीनदा दाबायला दोन सेकंद गेले असं धरा, म्हणजे अकरा मीटर गाडी माझी राहिली नव्हती. तिसऱ्या दाबाला ब्रेक थोडा धरला, हाताने हँडब्रेक ओढला, चाकं करकरली आणि गाडी थांबली. शेवटच्या रांगेतली एक मुलगी, आमच्या मुलाच्याच वयाची, आवाजाने वळली. तिच्या नव्या परकराच्या आणि आमच्या गाडीच्या नाकाच्या मध्ये एक हात अंतर असेल. डोक्यावरची परात तिने दोन्ही हातांनी सावरली. एकही फूल पडलं नाही. ती हसली आणि पुढे गेली. तिला काहीच कळलं नव्हतं.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. किती वेळ, कोण जाणे. शेजारून बारीक आवाज आला,

"बाबा, मी लवकर सोडलं होतं म्हणून झालं का?"

आजही रात्री कधी झोप मोडली तर ते वाक्य ऐकू येतं. मी त्या वेळी उत्तर दिलं नाही. देऊ शकलो नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, पायी चालावं तशी घरी आणली, आणि त्या रात्री जेवणाच्या ताटावर आमच्या घरात कोणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः कुंपणाशी गेलो. "अन्ना, जरा येता का?" एवढंच म्हणालो. ते धोतराचा सोगा खोचून लगेच आले. सौभाग्यवतींनी पाने-पकडी पाटावर मांडून हळदकुंकू लावायला घेतलं होतं. पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत, म्हणून त्या अवघडल्या. अन्ना हसून म्हणाले, "काम पूरा करो, अम्मा. अधूरे काम का औजार कैसा पूजते?"

मी त्यांना तेल, मास्टर सिलिंडर, लायनर, दुकानदार अशी माझी सगळी कैफियत ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "आखिर में क्या खोले, सारू?"

"पुढचे कॅलिपर."

"तो उदरइच देखना."

तरी आधी ते चालकाच्या जागी बसले. काहीही न उघडता, नुसत्या पायाने त्यांनी गाडीची नाडी पाहिली. पेडल सावकाश दाबून अर्धा मिनिट तसंच धरलं. मला म्हणाले, हे असं धरल्यावर हळूहळू खाली खचत गेलं असतं, तर कुठेतरी तेल गळतंय किंवा मास्टर सिलिंडरची रबरं गेली. ते खचत नाही, म्हणजे तिकडे जाऊ नका. मग भराभर तीनदा दाबलं. लायनर लांब राहिले असते तर दोन दाबांनंतर पेडल वर येऊन दगडासारखं झालं असतं. हे वर आलं खरं, पण स्पंजासारखं. म्हणजे हवाच. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर त्या दोन चाकांपैकी एकाचा दट्ट्या अडकलेला किंवा पॅडला तेल लागलेलं. एकच चाक हात लावता येणार नाही इतकं तापत असेल, तर तिथला ब्रेक सुटतच नाहीये. माझ्या घरी ब्रेकवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात हे सगळं होतंच, पण चाळीस पानांवर विखुरलेलं. त्यांच्या पायात ते एका ओळीत होतं.

मग त्यांनी पुढचं चाक काढायला लावलं, खाली बसले, बॅटरीचा झोत टाकला. दोन क्षण पाहिलं आणि मोठ्याने हसले. निपलवर बोट ठेवून म्हणाले, "ये नीचे देखरा, सारू. गाली पैकी पोतदी!"

मला एकदम कळलं नाही. मागे उभ्या असलेल्या मुलाने भाषांतर केलं, "बाबा, ते म्हणतात हवा वर जाते."

हवा वर जाते. एवढंच. कॅलिपरचं निपल नेहमी वरच्या अंगाला असतं, कारण तेलातले बुडबुडे वर जमतात आणि तिथूनच त्यांना बाहेर काढायचं असतं. मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. दिसायला दोन्ही सारखे, लहान मुलाच्या चपलांसारखे. उलट्या पायात घातल्या तरी चालता येतं. पण बाजू बदलली की निपल खालच्या अंगाला येतं. मग तुम्ही दिवसभर दाबा, धरा, सोडा. तळातून तेल येत राहतं आणि हवा वर, कॅलिपरच्या माथ्यावर, ऐसपैस बसून राहते. नळीला पीळ पडला होता तो याचमुळे. आणि जगात कोणीही कितीही वेळ पेडल धरलं असतं, तरी ती हवा निघणार नव्हती.

आम्ही दोन्ही कॅलिपर काढून बाजू बदलल्या. या वेळी अन्नांनी एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावू दिला नाही. एक बाजू उघडी असताना दुसरी शाबूत ठेवायची, म्हणजे तीच आपला नकाशा, हे ते बोलले नाहीत, पण कळलं. बाटलीत जमलेलं तेल मी पुन्हा डबीत ओतू लागलो तर त्यांनी हात धरला. त्यात बारीक बुडबुडे असतात आणि ओलावाही. नवंच घालायचं.

पेडलवर कोण? मी पुढे झालो, तर अन्ना म्हणाले, "छोटे सारू को बुलाओ." मुलगा बिचकत बसला. चाकाशी अन्ना. "नोक्कु..." ते हळू आवाजात म्हणायचे. "पट्टुको... पट्टुको... आँ, इडुवु." दाब, धर, सोड. तेच तीन शब्द. मी ते काल हुकूम दिल्यासारखे ओरडलो होतो. ते मात्र पाळण्यातल्या मुलाशी बोलावं तसे म्हणत होते, आणि मुलगा आतून प्रत्येक शब्दाला "आँ" म्हणून जाब देत होता. पारदर्शक नळीतून आधी पांढरा फेस आला, मग मोठमोठे बुडबुडे, मग एकेक, मग नुसतं सोनेरी तेल. उरलेली चाकंही झाली. मुलाने पेडल दाबलं आणि ओरडला, "बाबा, दगड झालं!"

तरी अन्नांनी गाडी रस्त्यावर नेऊ दिली नाही. पेडल दाबून धरून चारही चाकांशी, प्रत्येक जोडाशी कोरडं बोट फिरवून ओल नाही ना ते पाहिलं. मग मोकळ्या सपाट मैदानात, चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून दहा-बारा वेळा गाडी थांबवायला लावली. आणि ती मी चालवायची नाही, ते चालवणार. मी कारण विचारलं. ते म्हणाले, हॉलेजचा ब्रेक मी बांधला की पहिली तपासणी मी कधीच करत नसे, दुसऱ्या फिटरला बोलवायचो. उताराच्या खाली माणसं असतात. आपण केलेलं काम आपल्या डोळ्यांना बरोबरच दिसतं. डोळा वाईट नसतो, पण तो हाताच्या बाजूने साक्ष देतो.

त्या दुपारी पाटावरच्या पाने-पकडींची पूजा झाली. अन्नांच्या हाताने नारळ फोडला. आदल्या दिवशीचं कर्ज मात्र बाकी होतं. मुलगा गाडीच्या चाकाला झेंडूची माळ बांधत होता. त्याच्याशेजारी बसलो. आमच्या पिढीत बापाने मुलाची क्षमा मागायची रीत नव्हती, तसे शब्दही तोंडाला वळलेले नव्हते. मी एवढंच म्हणालो,

"तुझं चुकलं नव्हतं."

तो माळेची गाठ मारत राहिला. मग म्हणाला, "माहीत आहे बाबा. निपल खाली होतं." आणि थोड्या वेळाने, "पण मी खरंच धरून ठेवलं होतं."

"माहीत आहे," मी म्हणालो. हे मला आदल्या दिवशी म्हणता आलं असतं. कॅलिपर उलटा होता हे ठाऊक नसतानाही म्हणता आलं असतं. तो सांगत होताच ना, मी धरतो म्हणून?

दिवाळीला आम्ही चंद्रपूरला गेलो. बेल्लमपल्ली, आसिफाबाद, वांकिडी करत, पाट्यांवरची अक्षरं बदलताना पाहत, राजुऱ्याच्या पुढे वर्धेचा पूल ओलांडून. ब्रेक दगडासारखे लागत होते. पुढच्या पत्र्यावरचा तळहाताएवढा डाग मी रंगवून घेतला नाही. गाडी विकेपर्यंत तो तसाच होता. भाऊबीजेला मेव्हण्याने विचारलं, हे काय झालं? मी म्हणालो, माझी सही आहे.

आता गाड्या बदलल्या. 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा असते. तिच्या आत हवा अडकली तर काही गाड्यांत ती काढायला वर्कशॉपमधलं यंत्रच लागतं. घरच्या ओसरीवर वर्तमानपत्र अंथरून करायचं हे काम आता फारसं उरलेलं नाही, आणि ज्याने ते कोणाकडून समोर बसून शिकलेलं नाही त्याने ते करूही नये, असं मी माझ्या अनुभवाने सांगेन. फिटर अन्नाही आता नाहीत. त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलाने मला त्यांचा एक जुना पाना दिला. दर खंडेनवमीला तो आमच्या पाटावर सगळ्यांत पुढे असतो.

मुलगा मोठा झाला, त्याला त्याची मुलं झाली. गेल्या वर्षी तो घरी आला असताना धाकट्या नातवाला सायकलची साखळी चढवायला शिकवत होता. साखळी पुन्हा पुन्हा उतरत होती. "तू नीट धरत नाहीस," असं अर्धं वाक्य त्याच्या तोंडून निघालं, आणि तो मध्येच थांबला. ओसरीवर बसलेल्या माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं. मग खाली वाकून साखळी सोडून देऊन मागचं चाक तपासू लागला. ते त्यानेच सकाळी बसवलं होतं, आणि ते तिरकं बसलं होतं.

"गाली पैकी पोतदी," नातू म्हणाला. त्याला अर्थ कोणी सांगितला होता, कोण जाणे.